लंगडीची रेकॉर्ड

एका गल्लीत एक घर होतं. घरात एक आजी, तिचा कामसू मुलगा, लेकीकडची एक हट्टी नात, आणि खिडकीपाशी पाय रोवून उभी असलेली मी, शिलाई मशीन. बोलतेय ती मीच.

माझं नाव लंगडी. आजी पायडल मारू लागली की टक टक टक टटक, चौथा ठोका अडखळायचाच. शेजारणी म्हणायच्या, "आजी, ही बया मोडीत घाला आता."

"तुमची पोरं हिनं शिवलेल्या चड्ड्या घालूनच धावली ना? मग हिला राहू दे," आजी म्हणायची.

मी मात्र मनातून शरमायची.

नातीला टेक्नोचं वेड. शब्द नाहीत, नुसती कारखान्यासारखी धडधड. तिनं स्वतःचं लेबल काढलं होतं. लेबल म्हणजे रेकॉर्डी काढणारी कंपनी. कंपनी म्हणजे ती एकटी, आणि कचेरी म्हणजे माझ्या शेजारचं टेबल. चार रेकॉर्डी काढल्या, चारही माझ्या पायाशी गठ्ठ्यांत पडून. तिच्या आईनं फोनवर बजावलं, "पाचवी नाही चालली तर गाशा गुंडाळ आणि बाबांच्या दुकानात बस." पोरीनं कबूल केलं.

एकदा आजी अभ्रे शिवत होती, तेव्हा नातीनं मोबाइलवर माझा आवाज टिपला, त्यावर धडधड चढवली आणि एका मोठ्या क्लबच्या डीजेला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "असा ठेका कुठे ऐकला नाही. पूर्ण करून दे, शनिवारी वाजवतो." पण त्या आवाजात मधोमध मामाची, म्हणजे आजीच्या मुलाची, शिंक होती. पुन्हा टिपायला हवं होतं. नात चांगला माइक मागून आणायला गेली. आजी बहिणीकडे गेली होती.

घरात उरला मामा. त्याला वाटलं, आपली खिळखिळी मशीन चारचौघांत वाजणार, अब्रू जायची. त्यानं मला उघडलं, पुसलं, तेल पाजलं, पट्टा बदलला, एकेक स्क्रू आवळला.

"बघ, नवीकोरी केली," तो माइक घेऊन परतलेल्या नातीला म्हणाला.

तिनं पायडल मारलं. सरळ, सपाट टकटक. तिनं पायडलवरून पाय काढला. "मामा, मला तिचं लंगडणंच हवं होतं रे."

"लंगडणं कोण रेकॉर्ड करतं?"

"मी."

मामानं घाईघाईनं स्क्रू ढिले केले. मी नुसती खडखडले. पुन्हा आवळले. माझा जन्माचा दोष गेला होता, आणि मला रडू येत होतं.

दुपारी आजी परतली. "तोंडं का पाडलीत? कोण गेलं?" सगळं ऐकून तिनं चपला काढल्या. "कापड द्या. रिकामी मशीन मी चालवत नाही."

आणि तिनं पाय टेकवला. टक टक टक टटक.

मामाच्या हातातला पाना गळून पडला. तो वाकून खाली बघू लागला. लहानपणी झाडावरून पडून आजीचा घोटा वाकडा बसला होता. चौथ्या दाबाला टाच निसटायची.

"आई, हा तर तुझा पाय आहे."

"मग कुणाचा असणार? मशीन लंगडते असं मी कधी म्हटलं? तुम्हीच सगळे म्हणत होता."

इतकी वर्षं बोलणी मी खात होते. त्या क्षणी कुणी बघितलं असतं तर माझं चाक ताठ मानेनं फिरताना दिसलं असतं.

नातीनं माइक पायाशी सरकवला. "आजी, थांबू नको हं."

"थांबते कशाला? अभ्रा अर्धाच झालाय."

शनिवारचा क्लब नातीनं मोबाइलवर दाखवला. दिव्यांखाली माणसंच माणसं, आणि चौथ्या ठोक्याला सगळी एकदम अडखळून उसळायची. आजीनं चष्मा वर केला. "एवढ्या सगळ्यांचे घोटे दुखतायत का गं?"

पाचवी रेकॉर्ड हातोहात संपली, पुन्हा छापावी लागली. तिच्यापाठोपाठ आधीच्या चारही गेल्या. माझ्या पायाशी आता मोकळी जागा आहे. रेकॉर्डच्या मधोमध नाव छापलंय, 'आजीचा पाय'. दुकानात बसवणारी लेक म्हणाली, "माझ्यासाठी एक ठेवा हं."

माझं एवढंच मागणं आहे. मला पुसा, तेल घाला. पण मामाला पाना घेऊन माझ्याजवळ एकटं सोडू नका. सहावी रेकॉर्ड ठरलीय. आजीनं चपला काढल्यात, आणि कापड मागतेय.