सोमवारचा भोंगा आणि घरातला सूर

टोन जनरेटर म्हणजे आगीच्या इशाऱ्याचा सूर काढणारी तळहाताएवढी डबी, पण वृद्धाश्रमाचा सगळा वरचा मजला आज तिच्यावर अवलंबून होता. जुनी घंटा म्हाताऱ्या कानांना पुरत नाही, असं अग्निशमन तपासनीस ओफरदीपसाहेबांचं म्हणणं. नव्या आवाजावर सगळे वेळेत बाहेर पडले तर ठीक, नाहीतर वरच्या मजल्यावरच्यांनी दुसऱ्या गावच्या आश्रमात जायचं. त्यांच्यात हिस्केची दाउत्सनआत्या होती. खिडकीतून दिसणाऱ्या कालव्याखेरीज तिने या घराकडे कधी काही मागितलं नव्हतं.

वीजकाम करणाऱ्या हिस्केने आगीच्या घंटेच्या पॅनेलची वीज बंद केली, बॅटरी सोडवली आणि डबी आत बसवली. आश्रमाची डागडुजी बघणारा सीब्रन शिडी धरून उभा होता.

"पोरी, कशाला तारांशी खेळत बसलीस? हा काय प्लग, कॉफीच्या यंत्राशेजारी. दे खुपसून."

"सीब्रनकाका, आग लागली की आधी वीज जाते. मग तुमचा प्लग काय गाणार? हिला पॅनेलच्याच ताटात जेवू घालायचं. तिथं बॅटरी आहे."

"माझं यंत्र आजवर कधी बंद पडलेलं नाही."

"यंत्र नाही पडत. तुमची कॉफी पिणारे पडतात."

तांबडी तार अधिकला, काळी उण्याला. उलट लागली तर डबी मुकी. मग बारीक खटके सरकवून तिने आवाज निवडला, खालून वर चढत जाणारा आणि पुन्हा खालून सुरू होणारा. बॅटरी जोडली, हिरवा दिवा लागला, तेव्हा तिने मनोमन देवाचे आभार मानले.

ओफरदीपसाहेब उशिरा आले. "कालव्यावरचा पूल होडीसाठी वर उचलला होता. होडीवाल्याला काही घाई नव्हती," ते म्हणाले. "चला, दाबा बटण. आणि सीब्रन, जरा वेळाने मुख्य वीज बंद करा. बॅटरीवर चालतो का बघू."

जेवणघरात सूप वाढून झालं होतं. माना खाली होत्या, दाउत्सनआत्या प्रार्थना सांगत होती. हिस्केने बटण दाबलं. सूर चढला, तुटला, पुन्हा खालून चढला. एकही खुर्ची हलली नाही.

आणि त्याच वेळी बाहेर गावाचा भोंगा वाजू लागला. महिन्याचा पहिला सोमवार, दुपारचे बारा, भोंग्याच्या चाचणीची वेळ. दर महिन्याला तो नेमका प्रार्थनेत यायचा आणि डोळे न उघडण्याची सगळ्यांना सवय झाली होती. त्या भोंग्याबरोबर लहानाची मोठी झालेली हिस्के, आणि तारीख बघायलाच विसरली.

"कोणी हलत नाही," ओफरदीपसाहेब हळूच म्हणाले. प्रार्थना चालली होती म्हणून त्यांनीही टोपी काढून हातात घेतली होती.

"साहेब, आज सोमवार..."

"आग सोमवारीही लागते, बाई."

तेवढ्यात दिवे गेले. सीब्रनने मुख्य वीज बंद केली होती. स्वयंपाकघरातला रेडिओ गप्प झाला, कॉफीचं यंत्र गुरगुरून थांबलं. बाहेरचा भोंगाही विरत विरत संपला. मागे उरला तो डबीचा एकटा सूर, चढतच होता.

"आमेन," आत्या म्हणाली आणि तिने डोळे उघडले. "सोमवारचा तर संपला. मग हा कोण?" तिने क्षणभर कान दिला. "हा आपल्या घरातला आहे. उठा सगळे. फोप्पे, चमचा ठेव."

"सूप गार होईल."

"तू भाजण्यापेक्षा बरं."

काठ्या, चाकांच्या खुर्च्या, हाताला हात धरून सगळे बागेत आले. ओफरदीपसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "वीज गेली तरी आवाज टिकला, ते पास. वेळ मात्र जास्त लागला. जेवण झाल्यावर पुन्हा एकदा."

दुसऱ्या खेपेला सूर पहिल्यांदा वर पोचेपर्यंत आत्या दारात होती. तिच्यामागे फोप्पे, हातात खिरीची वाटी. शेवटची खुर्ची बाहेर आली तेव्हा साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी हिस्के वर गेली. आत्या खिडकीशी बसली होती, खालून एक होडी चालली होती.

"पुढच्या महिन्यापासून प्रार्थना थोडी आधी धरीन," आत्या म्हणाली. "आणि मध्येच हा घरातला सूर वाजला, तर आमेन बागेत म्हणेन. देव थांबतो गं, तुझी डबी नाही थांबायची."