हिला तेल लागत नाही

बंदुकीच्या दस्त्यातला तो पांढरा तुकडा, शंकरपाळ्याच्या आकाराचा, नखाएवढा... त्याच्या कडेने साचलेली तेलाची तपकिरी रेघ विल्माला आज पहिल्यांदा दिसली, डेल ट्रॉम्ब्लीने बंदूक स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात धरली तेव्हा. नवरा, आर्विड, गेल्यापासून तीन वर्षं दर रविवारी ती हिच्यावरून फडकं फिरवत आली होती—एक रविवार चुकला नव्हता—आणि तरी रेघ दिसली नव्हती.

डेल आर्विडचा शिकारीतला सोबती, जुन्या बंदुका जमवणारा. नायलॉनच्या दस्त्याची ही बावीस बोअरची, सशा-खारींपुरती बंदूक आता कुणी बनवत नाही, म्हणून विकत घ्यायला आला होता. वेलदोड्याच्या पावाचा दुसरा तुकडा संपवून त्याने बोल्ट—गोळी आत ढकलणारा लोखंडी भाग—मागे ओढला. सोडल्यावर तो अर्ध्यावर अडकला, मग नाइलाजाने पुढे सरकला.

"हे काय हो, वहिनी? हिला तेलाने न्हाऊ घातलंत की काय?"

"दर रविवारी," ती म्हणाली, जरा अभिमानानेच.

"अहो, हिला तेल लागतच नाही! नायलॉनवर लोखंड कोरडंच सरकतं. तेल घातलं की धूळ धरते, चिकटा होतो. आर्विड बोलला नाही कधी?"

बोलला होता... याच टेबलाशी, नोव्हेंबरात, बाकीच्या बंदुका पुसताना ही बाजूला सारून—हिला काही लागत नाही—आणि ती सिंकपाशी पाठमोरी, मनात म्हणाली होती, म्हणजे मला लागतं, असंच ना? चाळीस वर्षांतल्या त्याच्या मोजक्या वाक्यांतलं एक, तेही तिने टोमणा समजून भांड्यांबरोबर धुऊन टाकलं.

"शिकारीच्या झोपडीत तर वीट येईपर्यंत सांगायचा," डेल म्हणाला.

"तो... बोलायचा?"

"बोलायचा? तोंड बंद करायला त्याच्या हातात पाव द्यावा लागे!"

ती हसली. हसायलाच हवं होतं. पण त्या झोपडीतला बडबड्या आर्विड तिने कधी पाहिलाच नव्हता, आणि इथला, ताटात पडेल ते मुकाट खाणारा, स्वतःचे मोजे स्वतः रफू करणारा, तोच खरा समजून तिने त्याच्याबरोबर संसार केला होता.

डेलने सगळा चिकटा पुसून काढला. निघताना म्हणाला, "शुक्रवारी येतो. द्यावीशी वाटली तर द्या, नाहीतर नुसती कॉफी पाजा. पण तेल नको हं!"

दार लागलं. तिने बोल्ट ओढून सोडला. टक्... कोरडा, स्वच्छ आवाज. आर्विड असताना शेवटचा ऐकलेला. उद्या रविवार. तेलाची बाटली खणात, फडकं हातात. बंदुकीला काही लागत नव्हतं. आर्विडलाही, निदान या घरात, काही लागत नसावं. लागत होतं मला... कुणावर तरी हात फिरवायला, दुपार सरायला, आणि हे मी कधी बोलले? मीही सिंकपाशी पाठमोरीच की.

"माझ्याशी का नाही रे बोललास?" ती मोठ्याने म्हणाली. तीन वर्षांत त्याच्यावर पहिल्यांदाच रागावली होती. राग बरा वाटत होता, ऊबदार. तिने फडकं बाजूला ठेवलं, बोल्ट पुन्हा ओढला, सोडला, आणि कान देऊन बसली.