पाण्याचं वजन

घोडेगावच्या बाजारात आमच्या मालकांना कुणी फसवू शकत न्हाई. उत्तमराव येताना दिसले की बोकड विकणारे आधी इकडंतिकडं बघत्यात. लबाड लोक काय करत्यात, बाजाराच्या आदल्या सांजेला बोकडाला मीठ चारत्यात. मग ते तहानेनं पाणी ढोसतं, सकाळी टम्म दिसतं आन काट्यावर भरतं. आमचे हे कुशीत हात घालणार, उचलून बघणार आन म्हणणार, "पावनं, ह्यो पाण्याचा हाय. मांस कुठाय ते दावा." जलमभर बोकडं घ्यायचा-इकायचाच धंदा केला.

आन सोताच्या अंगावर पाणी चढलं ते काय ह्यांना कळलं न्हाई.

थंडी सुरू झाली तसं ह्यांचं अंग भरायला लागलं. काटकुळा माणूस, सदरा खांद्यावर लोंबायचा. आता पोट आलं, सदऱ्याची गुंडी लागंना. मी गल्लीत सांगत फिरले, म्हाताऱ्याला आता कुठं माझ्या हातचं लागायला लागलं. हे तर बाजारातल्या काट्यावर बोकडाच्या जागी सोता उभं राहिले आन हसत घरी आले. चपला घट्ट व्हायला लागल्या तर म्हणाले, कातडं आवळलंय. गोठ्यापस्तोर गेलं की धाप लागायची, तर म्हणाले, बाजारात धूळ लई हाय. आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायला लागले. दवाखान्यात चला म्हणलं तर माझ्यावरच डाफरले. बीपीची गोळीबी कवाच सोडलेली. म्हणं डोकं दुखत न्हाई तर गोळी कशाला गिळायची.

आमचा नितीन नगरात सावेडीला राहतो. तो रविवारी आला आन बापाबरोबर जेवायला बसला. घास चावता चावता बाप थांबतोय, दम घेतोय, हे त्यानं बघितलं. ताट तसंच ठेवून त्यानं ह्यांना गाडीत घातलं आन सरळ दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीची सोनोग्राफी केली आन म्हणाल्या, "हार्ट फेल्युअर आहे." आमच्याकडं हार्ट फेल म्हणजे माणूस संपला. मी ह्यांचा हात धरून तिथंच रडायला लागले.

"मावशी, हृदय बंद नाही पडलं," बाई म्हणाल्या. "थकलंय ते. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं, त्याला जोर लावून लावून काम करावं लागलं. आता रक्त पुढं नीट ढकलता येत नाही, म्हणून पाणी साचतं. पायात, पोटात, फुप्फुसात. यांचं वाढलेलं वजन सगळं पाण्याचं आहे."

"जगतील ना?" मी इचारलं.

"गोळ्या रोज घेतल्या, मीठ कमी केलं, तर बरीच माणसं चांगली राहतात. मनानं गोळ्या सोडल्या तर मात्र परत इथंच यावं लागेल." मग त्यांनी सांगितलं, लोणचं, पापड, सुकट बंद. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं.

नाकाला ऑक्सिजन लावलेला, तरी ह्यांचा ताठा बघा. म्हणाले, "मिठाबिगर भाकरी गिळायची कशी? त्यापरीस मेलेलं बरं."

मग माझं डोकं फिरलं. वॉर्डातली सगळी माणसं माझ्याकडं बघाय लागली, पण मला कुठली लाज. म्हणलं, "मीठ चारल्यालं बोकड तुमी डोळं झाकून नुसता हात लावून वळखता. मग ह्ये काय हाय? सुकट खाल्ली, ठेच्यावर वरून मीठ घेतलं, पाणी ढोसलं आन टम्म झाला. असला बोकड तुमी दावणीला बांधला असता व्हय? मरायची भाषा करता, मग मी कुणाशी भांडायचं?"

ह्यांनी वाकून नडगीवर अंगठा दाबला आन उचलला. खड्डा तसाच राहिला. त्याच्याकडं लई येळ बघत बसले.

"पाण्याचाच हाय," म्हणाले. मग डॉक्टरीणबाईंकडं बघून इचारलं, "वजन कवा करायचं, सकाळी का सांजंला?"

बाई म्हणाल्या, सकाळीच करायचं, लघवीला जाऊन आल्यावर, च्याच्या आधी. पाणी काढायची गोळी, हृदयाच्या गोळ्या, सगळं लावून दिलं. एकाएकी वजन चढलं तर लगेच फोन करायचा. घरी आलो तसा नितीननं काटा आणून दिला. आता हे रोज त्यावर उभं राहत्यात आन काटा उतरला की मला हाक मारून दावत्यात. मी सुकटीचा डबा शेजारी देऊन टाकला. पहिले काही दिवस भाकरीकडं बघून तोंड वाकडं करायचे. आता लिंबू पिळून गप खात्यात.

काल दुपारी बाजारातले जोडीदार आप्पासाहेब भेटायला आले. दारातनंच म्हणाले, "वैनी, उत्तमराव लई वाळले की. गालफाडं बसली. जेवाय घालता का न्हाई?"

आधी कुणी असं बोललं असतं तर मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. पण मी हळू बोला म्हणलं आन आतल्या खाटंकडं बोट दावलं. हे एका उशीवर पार उताणे झोपलेले. खोकला न्हाई, धाप न्हाई, तोंड उघडं टाकून घोरत हुते.

"आडवा झोपलाय माझा माणूस," मी म्हणलं. आन मला इतकं बरं वाटलं की आप्पासाहेबांच्या म्होरंच रडू फुटलं.