काळ्या चेंडूवरची शिंक

माझी सून नॉर्वेची. रॅग्नहिल्ड म्हणताना माझी कवळी निसटायची, म्हणून मी तिची रागिणी केली. बापाच्या हॉटेलात पूल, म्हणजे टेबलावर काठीनं चेंडू मारायचा तो खेळ, खेळता खेळता ती देशाची विजेती झाली. मग म्हणे टेबल लहान पडायला लागलं, म्हणून स्नूकर. त्यातही देशाकडून खेळली. आमचा मुलगा यशोधन जहाजांच्या इंजिनांच्या कामाला तिकडे गेला, दोघांचं जमलं आणि ही लग्न करून पंचवटीत आली. पहिल्यांदा सातपूरच्या क्लबात गेली, तर तिथला किशोर म्हणतो, "मॅडम, कॅरम खालच्या मजल्यावर." तासाभरात त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा!

परवा त्याच क्लबात अंतिम सामना होता, तिचा आणि त्या किशोरचाच. जिंकणाऱ्याला इंग्लंडच्या स्पर्धेत जागा. रागिणीनं चाळिशी ओलांडलेली. सकाळीच म्हणाली, "आई, हरले तर क्यू माळ्यावर टाकणार." क्यू म्हणजे तिची ती काठी. मी पोहे तसेच ठेवून देवापुढे दिवा लावला.

शेवटचा काळा चेंडू उरला. जो तो जाळीत घालेल त्याचा सामना. रागिणी नेम धरून वाकली, सगळे चिडीचूप. आणि मला मेलीला, काठीच्या टोकाला घासतात त्या खडूच्या धुळीनं सणसणीत शिंक आली!

झालं! माशी शिंकली असती तर परवडलं असतं, इथे सासूच शिंकली. लोक वळून बघायला लागले. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

रागिणी मात्र सरळ उभी राहिली. घरातून निघताना कोणी शिंकलं की मी तिला थांबवते, घोटभर पाणी प्यायला लावते. एरवी त्यावर खिदळणारी ही बया खुर्चीकडे गेली आणि पाणी प्यायली. बाटली ठेवताना तिचं लक्ष काठीच्या टोकाकडे गेलं. खडू लावायचाच राहिला होता! तशीच मारली असती तर काठी घसरली असती आणि संपलंच होतं सगळं. तिनं खडू घासला, पुन्हा वाकली, आणि काळा चेंडू गडप!

मी तिथेच काळारामाला हात जोडले. इतक्या दूरची लेक माझ्या पदरात घातलीस रे, उपकार तुझे.

इंग्लंडला निघायच्या दिवशी मी घरात सगळ्यांना दम दिला, खबरदार कोणी शिंकलात तर. बॅग घेऊन रागिणी उंबऱ्याशी थांबली आणि माझ्याकडे वळली.

"आई, एकदा शिंका ना."

नाक चुरचुरत होतं खरं. पण शिंक कुठली यायला, डोळेच वाहायला लागले.