अर्ध्या दाराची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. सध्या भंगारवाल्याच्या आवारात भिंतीला टेकून उभं आहे. माझे दोन भाग आहेत, वरचा आणि खालचा, पण मला मोडकं म्हणाल तर खबरदार! मला मुद्दाम, मापात कापलं होतं. कुणी आणि का, हे वेळेवर कुणी विचारलंच नाही, म्हणून आता तुम्हाला सांगतं.

सुताराने मला अखंड घडवलं आणि तळमजल्याच्या एका खोलीला बसवलं. तिथे बाइंडर काका भाड्याने राहायला आले. पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चिकटवायचे, हा त्यांचा धंदा. मला उघडलं की वाऱ्याने कागद घरभर उडायचे आणि लावलं की अंधार. काकू वैतागायच्या, "आता मी काय दिवसभर कागदांवर बसून राहू?"

एकदा घराच्या थोरल्या मालकांनी हा गोंधळ पाहिला. "अहो, मग दार आडवं कापा की! खाली बंद, वर उघडं." नुसतं बोलून ते थांबले नाहीत. काका करवत चालवत होते आणि मालकांनी स्वतः मला घट्ट धरलं होतं. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन मजा बघत होता. दुखलं हो मला, पण खोलीत उजेड आला. गल्लीत माझं केवढं कौतुक झालं! माझ्या खालच्या भागावर कोपर टेकून काका येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायचे.

पुढे थोरले मालक वारले. धाकट्या मालकांना खोली रिकामी हवी होती. त्यांची नोटीस आली: भाडेकरूने परवानगीशिवाय दार कापून घराचं नुकसान केलं, सबब खोली सोडा.

काका भडकले. "मी घेतच नाही. घेतली नाही म्हणजे मिळालीच नाही!"

"अहो, वरच्या वकीलबाईंना विचारा तरी," काकू म्हणाल्या.

"काही नको. चार लोकांत शोभा कशाला?"

नोटीस आणणारा परत गेला आणि काकांना वाटलं, जिंकलो. काही महिन्यांनी कोर्टाचा माणूस आला. त्यालाही काका नाही म्हणाले, तेव्हा त्याने समन्स माझ्याच छातीवर चिकटवलं. काकांनी ओल्या फडक्याने ते अलगद सोडवलं. माझ्या रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. "चिकटवायची लेईसुद्धा धड करता येत नाही लेकांना," म्हणाले आणि कागद रद्दीत टाकला. तारीख आली आणि गेली. काकांच्या बाजूने बोलायला कोर्टात कुणीच नव्हतं, म्हणून निकाल एकतर्फी लागला.

सामान रस्त्यावर निघालं त्या सकाळी वकीलबाई धावत खाली आल्या.

"काका, नोटीस म्हणजे निकाल नसतो हो! मुदतीत लेखी उत्तर द्यायचं होतं, की थोरल्यांनीच कापायला सांगितलं. मग परवानगी नव्हती, हे धाकट्यांना कोर्टात सिद्ध करावं लागलं असतं. समन्स आल्यावर तरी हजर राहायचं. हा न्हावी साक्षीला आला असता!"

"एका पायावर आलो असतो," न्हावी म्हणाला.

काका तिथेच पायरीवर बसले. "मला वाटलं, कागद हातात घेतला की हरलो."

बाईंनी निकालाविरुद्ध अर्ज केला, पण उपयोग झाला नाही. फार उशीर झाला होता. मला अजून हळहळ वाटते. सगळं माझ्या अंगावर कोरलेलं होतं, आणि मला जीभ नव्हती.

निघताना काकूंनी सवयीने माझा खालचा भाग ओढून घेतला आणि कडी लावली, कागद उडू नयेत म्हणून. आत एकही कागद नव्हता.

मित्रांनो, तुमच्या दारावर असा कागद आला तर तो घ्या. घरात वाचा, जाणत्याला दाखवा, मुदतीत उत्तर द्या, बोलावलं की जा. तुम्हाला तोंड आहे. माझ्यासारखं लाकूड होऊन उभे राहू नका.