आधी वाचायचं, मग रंगवायचं

आमच्या घरात माणसं तीन आणि पक्ष अडीच. अर्धा माझा, कारण मी कुणाचीच नाही असं म्हणते आणि तरी सगळ्यांवर चिडते. एक पक्ष बाबांचा. बाबा म्हणजे माझे वडील, जन्मभर भिंतींवर अक्षरं काढणारे, गल्लीचे पेंटरकाका. माझे यजमान गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. दुसरा पक्ष माझ्या लेकीचा. ती एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, आणि यंदा वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली. तीही बाबांच्या पक्षाविरुद्ध! मी लोकांचे कपडे उसवून मापात बसवून देते. त्या धंद्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण या दोघांना एका मापात बसवणं मला कधी जमलं नाही.

बाबांचं राजकारण वयाबरोबर असं काही बदललं की विचारू नका. विशीत ते कारखान्यांच्या भिंतींवर ‘उलथून टाका’ असं लिहायचे. त्यापायी तुरुंगातही जाऊन आले. पकडणारा साहेब म्हणे म्हणाला होता, मजकूर वाईट आहे पण अक्षर फार सुरेख. हे सांगताना बाबांची छाती अजून फुगते. पुढे त्यांचा पक्ष सत्तेवर आला आणि ‘उलथून टाका’ची जागा ‘उभारू या’ने घेतली. आता ऐंशीच्या घरात आल्यावर त्यांना सगळीकडे शिस्त हवी असते. मोर्चा दिसला की म्हणतात, “रस्ता अडवतात मेले.” एकदा मी म्हटलं, “बाबा, तुम्ही तर रस्त्यावर आडवे झोपला होतात.” तर म्हणाले, “तेव्हा गाड्या कुठे होत्या एवढ्या?”

मी तरी कुठे मोठी शहाणी! कॉलेजात असताना केवळ बाबांना खिजवायला मी विरोधी पक्षाच्या सभांना जायचे. एकदा घोषणा देऊन देऊन घसा बसला. घरी आले तर बाबांनी चकार शब्द न काढता गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला दिलं. नंतर ज्यांच्यासाठी घसा फोडला तेही निवडून आले आणि त्यांचे रंगही पाहून झाले. सगळे एकाच ताग्यातले, असं मी ठरवून टाकलं आणि मत द्यायला जाणंच सोडलं.

लेकीचं मात्र वेगळं. ती विचार वाचून राजकारणात आली नाही, दवाखान्याच्या दारातून आली. वॉर्डातला सरकारी दवाखाना संध्याकाळी बंद ठेवायचा हुकूम निघाला आणि कामावरून सुटलेली माणसं कुलूप बघून परत जायला लागली. तिने अर्ज केले, खेटे घातले, शेवटी उभी राहिली. बाबा जेवताना म्हणाले, “दवाखाना सर्वांसाठी, हे आम्ही तू जन्मायच्या आधी लिहिलंय.”

“मग झाला का, आजोबा?”

“पैसा लागतो त्याला. वय वाढलं की कळेल.”

“वय वाढलं की दवाखानाही जास्त लागतो,” ती म्हणाली आणि बाबांच्या गोळ्या त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या.

आणखी एक सल होता. गेल्या वर्षी लेकीने नवऱ्याला सोडलं. बाबांना ते मुळीच पटलं नव्हतं. “आमच्या काळी जुळवून घ्यायचे,” हे पालुपद आम्ही रोज ऐकत होतो. ती उलट बोलत नसे, उठून भांडी घासायला लागे. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचंही वाईट वाटायचं.

माझ्या दुकानासमोर एक धुलाईचा कारखाना आहे. त्याची आडवी, लांबलचक भिंत बसमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसते. ही भिंत कारखान्याच्या मूळ मालकाने फार पूर्वी बाबांना दिली. पक्षाला नाही हं, बाबांच्या हाताला. पेंटर लोकांत तसा रिवाजच आहे. ज्याच्या हाताला भिंत दिली, त्याने रंगवायची किंवा कोरी ठेवायची. दुसरा कुणी तिला ब्रश लावत नाही. लेक उभी राहिली त्याच दिवशी बाबांनी तिला बजावलं, “भिंत मागू नकोस. मी पक्षाला शब्द दिलाय.”

“मागितली कुणी?” ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता, ते मी पाहिलं.

आता गंमत ऐका. भिंत रंगवायची ठरली, आणि शिडी धरायला पक्षातून कुणी फिरकलंच नाही. सगळे फ्लेक्स छापण्यात गुंग. बाबांना तर डॉक्टरांनी खुर्चीवरसुद्धा चढायची मनाई केलेली. बाबा हट्टाने चढायला लागले, तेवढ्यात लेक ड्युटीवरून आली. पांढऱ्या युनिफॉर्मात, खांद्याला पर्स तशीच. आली आणि शिडीचे दोन्ही पाय धरून उभी राहिली.

“तू जा. लोक काय म्हणतील?” बाबा वरून ओरडले.

“तुम्ही पडलात तर मलमपट्टी मलाच करायचीय. चालू द्या तुमचं.”

आणि चालू झालं! माझी लेक खाली शिडी धरून उभी, आणि वर तिला पाडायला उभ्या असलेल्या माणसाचं नाव हातभर अक्षरांत उमटतंय. बसमधली माणसं माना वळवून बघत होती. समोरचा चहावाला म्हणाला, “ताई, तुमची पोरगी नक्की कुणाच्या बाजूची?” मी म्हटलं, “शिडीच्या.” हातातली पँट मी उलटी शिवत होते, हे मला नंतर कळलं.

बाबांची एक पद्धत आहे. ओळ रंगवण्याआधी ते शिडीवरून ती खणखणीत आवाजात वाचतात, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. शिडीवरच्या माणसाचं नाक भिंतीला लागलेलं असतं, त्याला आख्खी ओळ कधी दिसत नाही. म्हणून ती आधी कानात बसवायची. कुणाची हरकत असेल तर त्यानेही तेव्हाच बोलायचं. आधी वाचायचं, मग रंगवायचं. ही सवय इतकी मुरलेली की घरी औषधाच्या बाटलीवरचा कागदही ते मोठ्यानेच वाचतात.

उमेदवाराचं नाव झालं, चिन्ह झालं. शेवटच्या ओळीची जागा तेवढी उरली होती. तेव्हा पक्षाचा वॉर्डप्रमुख आला. ढगाळ हवेतही काळा चष्मा लावतो म्हणून त्याला सगळे गॉगल म्हणतात. लेकीकडे न बघता त्याने हात उंच करून आपला मोबाईल बाबांना दिला. “पेंटरकाका, शेवटची ओळ बदललीय. ही घ्या.”

बाबांनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला आणि सवयीप्रमाणे गर्जले, “नवरा सांभाळता आला नाही, ती वॉर्ड काय सांभाळणार?”

ओळ तोंडातून पूर्ण बाहेर पडली आणि मग त्यांना कळलं, आपण काय वाचलं. चहावाल्याचा हात थांबला. थांब्यावरच्या बायका वळून बघायला लागल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कात्री टाकून मी दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि मध्येच थांबले, कारण लेक तिथेच उभी होती. मान खाली घातलेली नाही, डोळ्यांत पाणी नाही. शिडीवरचे हात तेवढे पांढरे पडले होते.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुमचे पाय थरथरतायत. मी धरलंय. सावकाश उतरा.”

बाबा एकेक पायरी उतरले. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. हेच तर ते घरी म्हणत होते, जरा सभ्य शब्दांत. पक्ष त्यांचा, शब्द दिलेला, आणि समोर पक्षाचा माणूस. आता ते “कामाचं काम आहे, पोरी” असं म्हणाले असते तर आमचं घर त्या भिंतीपाशीच मोडलं असतं.

त्यांनी मोबाईल गॉगलच्या हातात दिला. “आता तू वाच. माझ्याइतक्या मोठ्याने.”

“काका, मी कशाला? तुम्ही वाचलंत की.”

“मी न समजता वाचलं. तू समजून लिहिलंयस. वाच.”

गॉगलने इकडे तिकडे पाहिलं. सगळा रस्ता त्याच्याकडे बघत होता. त्याने घसा खाकरला, ओठ हलवले, पण आवाज काही फुटेना. मग हळूच म्हणाला, “वरून आलंय, काका.”

“वर मी होतो,” बाबा म्हणाले. “माझ्याकडून नाही आलं.”

चहावाला फस्सकन हसला, बायका हसल्या. गॉगलचा पारा चढला. “ओळ लिहायची नसेल तर उद्यापासून तुम्ही पक्षाचे नाही. आम्ही फ्लेक्स लावू.”

“लाव. फ्लेक्सला वाचून बघावं लागत नाही.” बाबांची मान ताठ होती. “आणि एक ऐक. या पक्षासाठी मी तुरुंगात गेलो तेव्हा तू जन्मालाही आला नव्हतास. मला काढणारा तू कोण? पक्ष माझा आहे. तू आज आहेस, उद्या दुसरीकडे असशील.”

मग ते लेकीकडे वळले. सगळ्या रस्त्यासमोर, तितक्याच मोठ्या आवाजात म्हणाले, “पोरी, ही ओळ माझ्या तोंडून गेली. ती चूक होती. आणि घरी रोज जे म्हणत होतो, तीही चूकच होती.”

माझा बाप ऐंशीच्या घरात आल्यावर भररस्त्यात आपलं मत बदलत होता, आणि ते बदललं हे लपवत नव्हता. मला रडू आलं. अभिमानाने रडू येतं हे मी ऐकून होते, त्या दिवशी अनुभवलं. लेकीने त्यांच्या बोटांवरचा रंग आपल्या रुमालाने पुसला. रुमाल वाया गेला.

बाबांनी ती जागा कोरीच ठेवली. लोक बसमधून उतरून मुद्दाम बघायचे आणि काय लिहिलेलं नाही ते एकमेकांना सांगायचे. तो फ्लेक्स काही कुठे लागला नाही.

मतदानाच्या दिवशी आम्ही तिघं बरोबर निघालो. मीही. इतकी वर्षं कपाटात पडलेलं ओळखपत्र शोधताना सगळं घर डोक्यावर घेतलं होतं. केंद्रापर्यंत आजोबा-नात तावातावाने भांडत होते, घरपट्टी वाढवावी की नाही यावरून. बाहेर आल्यावर लेकीने सरळ विचारलं, “मला दिलंत?”

“नाही,” बाबा म्हणाले. “पक्षाला दिलं. एक गॉगल म्हणजे पक्ष नव्हे. आणि घरपट्टीचं तुझं चुकतंय.”

“वाटलंच होतं मला,” ती म्हणाली आणि खुशाल त्यांचा हात धरून चालायला लागली. मी कुणाला दिलं हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. याचाही मला रागच आला.

उगाच ताणत नाही. लेक हरली, अगदी थोडक्यात हरली. निकाल ऐकला तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात होतो. बाबांनी चहाचा कप इतक्या जोरात टेबलावर आदळला की चहा माझ्या शिवणावर उडाला.

“लोकांना अक्कल नाही!” ते ओरडले. “असं माणूस समोर असताना त्या मख्खाला मतं देतात!”

लेकीने फडकं उचललं. रडवेली झाली होती, तरी तिला हसू आलं. “आजोबा, त्या लोकांत तुम्ही होतात.”

बाबा तिच्या हातातलं फडकं घेऊन टेबल पुसायला लागले.

“मग मलाही नाही,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी कधी उभी राहतेस ते सांग.”