धाकटीचे केस

केसांबद्दल बायका जितकं खोटं बोलतात, तितकं वयाबद्दलही बोलत नसतील. सत्तावीस वर्षं मी खुर्चीमागे उभी आहे, मला विचारा. टोकं फुटून झाडू झालेला असतो आणि बाईसाहेब म्हणतात, "मी काहीच करत नाही हो, तरी असे कसे झाले?" काही करत नाही! रोज कढत पाणी डोक्यावर ओतते, ओले केस कंगव्याने ओरबाडते, वरून ते गरम चिमट्याचं मशीन फिरवते, आणि फोनवर कुणी टवळी काहीतरी बरळली म्हणून कांद्याचा रस चोपडून बसते. काही करत नाही म्हणे. मी तोंडावर सांगते, "बाई, डोकं आहे ते, करपलेलं पातेलं नव्हे." काही हसतात, काही परत येत नाहीत. ज्या येत नाहीत त्यांच्यावाचून माझं आजवर काही अडलेलं नाही.

आमच्या सलूनच्या मालकीणबाईंना स्वतःला धड वेणी घालता येत नाही, पण बोलणं असं की जगातल्या सगळ्या कात्र्या यांनीच घडवल्या. गेल्या वर्षी त्यांनी वरचा मजला घेतला आणि जाहीर केलं, तिथे क्लास काढायचा. केस कापणं, रंगवणं, निगा राखणं, सहा महिन्यांचा कोर्स. पहिल्याच जाहिरातीला बारा मुली आल्या. आता शिकवणारी हवी होती.

मला ती जागा हवी होती, त्यात लाजायचं काय? दिवसाचे दहा तास उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा वर आल्यात, ड्रायर धरून धरून उजवा अंगठा आखडलाय. वरच्या मजल्यावर खुर्ची होती, टेबल होतं, फळा होता. बसून शिकवायचं. आणि खरं सांगू, मला एकदा कुणीतरी 'मॅडम' म्हणायला हवं होतं. सत्तावीस वर्षं नुसती 'ताई, जरा लवकर करा ना' ऐकतेय.

पण मध्ये आली डिप्लोमा. म्हणजे तिला नाव आहे, पण कामावर आली त्या दिवशी तिने भिंतीवर सर्टिफिकेट टांगलं, फ्रेम करून, तेव्हापासून मी तिला डिप्लोमाच म्हणते. चार वर्षांचा अनुभव, आवाज असा की मांजरीला दूध प्यायला बोलावतेय. केस रंगवायला बाई बसली की ही आधी कागद घेऊन समोर स्टूल टाकणार. "गेल्या दोन-तीन वर्षांत घरी काही लावलं असेल तर सांगा हं. सगळेच लावतात. मीपण लावलंय." मग मानेमागची एक बारीक बट कापणार, वाटीत ब्लीच कालवून त्यात बुडवणार आणि अर्धा तास वाटीकडे बघत बसणार. बट तापली नाही, तुटली नाही, तर मग कामाला सुरुवात. मी म्हणायचे, "अगं, बाळंतपण आहे का, अशी दारात बसलीस ती?" ती हसायची. राग यायचा नाही मेलीला, हा आणखी एक ताप.

आता चाचणी घेऊ नये असं नाही. मीही घेते. काही स्वस्त काळ्या रंगांत, केस काळे करणाऱ्या बाटल्यांत धातूचे क्षार असतात. ते केसात मुरलेले असले आणि वर ब्लीच पडलं, की केस आतून तापतात आणि गळून जातात. हे मला पंधरा वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे, कुठल्या फ्रेममध्ये वाचलेलं नाही. पण सत्तावीस वर्षांनी हात लावला की कळतं. निदान मी तसं सांगत फिरायचे.

मालकीणबाईंनी काय केलं, सुट्टीच्या दिवशी दोघींना वर बोलावलं. आपापली मॉडेल आणायची, बारा मुलींसमोर केस उजळून दाखवायचे, ज्या बाईचं शिकवणं पटेल तिला क्लास. शर्यत लावली आमची, म्हाताऱ्या घोडीची आणि शिंगराची.

मॉडेल म्हणून मी धाकटीला बसवली. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, शाळेत शिकवते. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून तिच्या दोन वेण्या मी घातल्या. उवा मी काढल्या, तेल मी लावलं, कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा केस कापले ते मी. तिच्या केसांसारखे केस मी दुसऱ्या डोक्यावर पाहिले नाहीत, कंबरेपर्यंत, दाट, काळे. ती "नको गं ताई, मला नाही उजळायचे" म्हणत होती. मी म्हटलं, "तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. चार बटा सोनेरी होतील, शाळेतल्या मास्तरणी जळून मरतील." ती गप्प झाली. ती नेहमीच गप्प होते, आणि मी ते हो समजते.

त्या दिवशी बारा मुली वह्या घेऊन बसल्या. डिप्लोमाने शेजारीण आणली होती. कागद, स्टूल, प्रश्न, वाटी, सगळी पूजा मांडली. मी धाकटीच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, डोक्याला काही फासत नाहीस ना बायकांसारखं? बाटल्याबिटल्या?"

मुली खिदळल्या. धाकटी म्हणाली, "नाही."

"कशी फासेल? मी जिवंत आहे अजून," मी म्हटलं. आणखी खिदळल्या. मला बरं वाटलं.

एका मुलीने हात वर केला. "ताई, तुम्ही बट नाही कापणार? चाचणीला?"

"हे डोकं सहा वर्षांचं असल्यापासून मी सांभाळलंय," मी म्हटलं. "याची चाचणी घ्यायची म्हणजे स्वतःच्या ताटाचा वास घेऊन जेवायचं. ज्यांना हाताने कळत नाही त्यांनी वाट्या मांडाव्या." डिप्लोमाकडे मी बघितलंसुद्धा नाही, पण सगळ्यांना कळलं. मालकीणबाईंनी मान हलवली. त्यांना वेग आवडतो.

मी भराभर काम केलं. उगाच नाही सांगत, हात तसा चालतो अजून. बट घ्यायची, ब्लीच लावायचं, चंदेरी कागदात गुंडाळायचं. वीस मिनिटांत उजवी बाजू आणि मागचं निम्मं डोकं गुंडाळून झालं. डिप्लोमा अजून वाटीतल्या बटेशी खेळत होती. बारापैकी दहा मुली माझ्याकडे सरकल्या. मी बोलत होते, केसांची टोकं कधी छाटायची, टॉवेलने खसाखसा का पुसायचे नाहीत, रबर घट्ट बांधलं की कपाळावरचे केस का मागे हटतात. मुली लिहून घेत होत्या. एकीने चक्क "मॅडम" म्हटलं.

धाकटी म्हणाली, "ताई, गरम होतंय गं."

"जगात कुणाला होत नाही, तुलाच कसं होतं? बस गप्प, शोभा करू नकोस."

 मी छाटणीचं पुढचं सांगायला लागले.

डिप्लोमा हातातलं सोडून उठली, का कोण जाणे. माझ्या मॉडेलला हात लावायचा नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिने सरळ एका कागदाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "ताई, धुवा. आत्ताच्या आत्ता धुवा."

मी तोंड उघडलं होतं काहीतरी लागट बोलायला. मग मीही हात लावला. चटका बसला.

बेसिनपर्यंत कशी नेली आठवत नाही. गार पाण्याखाली कागद सोडले आणि केस माझ्या बोटांत ताणले गेले. ओल्या कणकेसारखे लांबले आणि तुटले. मी एक बट सोडवायला गेले की हातात बट. कानाच्या वर चार बोटं राहिले, बाकी पाण्यात. डोक्याची कातडी लाल झाली होती, पण भाजली नव्हती, एवढंच नशीब. सत्तावीस वर्षांत मी असं दुसऱ्यांच्या सलूनमधून आलेलं पाहिलं होतं आणि दुसऱ्यांना वाट्टेल ते बोलले होते.

धाकटी रडली नाही. मीच ओरडले. "काय लावलं होतंस? खोटं का बोललीस माझ्याशी?"

बारा मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. धाकटीने टॉवेल डोक्याला धरला आणि म्हणाली, "तू विचारलंस ते असं, की मी हो कशी म्हणणार होते?"

मालकीणबाईंनी मुलींना खाली पाठवलं. मग माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, "क्लास सोमवारपासून. ती घेईल." मी मान हलवली. त्यांनी दुसरं काही ठरवलं असतं तर मीच त्यांना वेड्यात काढलं असतं. डिप्लोमाच्या शेजारणीला घेऊन त्या खाली गेल्या.

आता उरलेले केस सारखे करायला हवे होते. एका बाजूला कंबरेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असं घेऊन ती रस्त्यावर कशी जाणार? मी कात्री घेतली. 

"नको," धाकटी म्हणाली. "त्यांना कापू दे."

पंचेचाळीस वर्षांची बाई आहे ती, आणि मला असं ठामपणे नको म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. डिप्लोमा गडबडली. "ताई कापतील ना. त्यांचा हात माझ्यापेक्षा..."

"तुम्ही कापा," धाकटी म्हणाली.

मी कात्री डिप्लोमाच्या हातात दिली आणि भिंतीशी उभी राहिले. तिने आधी कापायला घेतलंच नाही. स्टूल ओढून समोर बसली, मांजरीला बोलावायच्या त्याच आवाजात म्हणाली, "काय लावत होतात ते सांगा, म्हणजे उरलेत ते जपता येतील. घाई नाही."

आणि धाकटी सांगायला लागली. बाटली आहे, रोज थोडं थोडं सगळ्या केसांना लावायचं, हळूहळू काळे होतात. चार वर्षं लावतेय. कपाळावरचे सगळे एकदम पांढरे झाले होते. "लपवायचं होतं," ती म्हणाली, "ताईने पाहिलं असतं तर चारचौघांत वर्षभर पुरेल एवढं बोलली असती." माझ्याकडे न बघता म्हणाली, रागाने नाही, पाऊस पडेल म्हणून छत्री घेतली असं सांगावं तसं.

"एकदम पांढरे झाले? असं आजारपणानंतर होतं कधी कधी," डिप्लोमा म्हणाली.

"हो. त्या आजारपणानंतरच."

"कसलं आजारपण?" मी विचारलं.

दोन गल्ल्या पलीकडे राहते ती. आठवड्यातून तीनदा माझ्या घरी येते. तिच्या घरातला कुकर बिघडला तरी मला कळतं, असं मी लोकांना सांगते.

धाकटीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काही नाही गं. असंच जरासं. होऊन गेलं."

"जरासं म्हणजे काय? दवाखान्यात होतीस का? कधी?"

"ताई, जाऊ दे ना."

डिप्लोमा कात्री मांडीवर ठेवून खाली बघत बसली होती.  ती मला काही बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. मला समजलं की मी तिथे उभी आहे तोवर त्या खुर्चीतून एक शब्दही बाहेर पडणार नाही.

"मी जरा खाली जाऊन येते," मी म्हटलं.

 दार ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागले. तीन-चार पायऱ्या झाल्या असतील, वरून धाकटीचा आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते, आणि कात्री अजून वाजत नव्हती. ती नुसती बोलत होती, मध्येच थांबत होती, मग पुन्हा बोलत होती. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी पायरीवर बसले. परत वर जाण्याची माझी हिंमत झाली नाही.